मेंदूतील शिरेतली गुठळी विरघळली, तरी फिटची गोळी का चालू ठेवायची?

वारणाकाठ:

नमस्कार. माझ्या पत्नीचे वय २७ वर्षे आहे. आमच्या मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात, ती माहेरी असताना, तिचे डोके सतत दुखू लागले. जागरण होत आहे आणि अंगात रक्त कमी आहे, त्यामुळे दुखत असेल असे सर्वांनाच वाटले. काही दिवसांनी पहाटे तिच्या उजव्या हाताला झटके येऊ लागले, मग ते सर्वांगात पसरले आणि ती बेशुद्ध झाली. रुग्णालयात नेताना वाटेत पुन्हा एकदा तसेच झाले. एमआरआयमध्ये मेंदूच्या माथ्यावरून मागे जाणाऱ्या मोठ्या शिरेत, म्हणजे अहवालातील शब्दांत ‘सुपीरियर सॅजायटल सायनस’मध्ये, रक्ताची गुठळी आढळली आणि मेंदूच्या डाव्या भागात सूज व रक्तस्राव दिसला. हेपॅरिनची इंजेक्शने, त्यानंतर रक्त पातळ करणारी अ‍ॅसिनोकुमरॉलची गोळी आणि फिटसाठी लेव्हेटिरासिटाम ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, असे उपचार झाले.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत ती शीर पुन्हा मोकळी झाल्याचे दिसले आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद करण्यात आली. फिटची गोळी मात्र चालू ठेवण्यास सांगितले आहे. घरात आता प्रश्न असा आहे की, गुठळीच राहिली नाही, तर ही गोळी कशासाठी? माझ्या आईचे म्हणणे आहे की, बाळाला अंगावर पाजत असताना अशी औषधे जितकी कमी तितके चांगले. पत्नीलाही या गोळीने चिडचिड वाढल्यासारखी वाटते.

आणखी एक गोष्ट. गेल्या महिन्यात मुलगी तापाने फणफणली होती आणि पत्नीचे सलग जागरण झाले होते. त्या वेळी तिच्या उजव्या हाताची बोटे सुमारे मिनिटभर आपोआप हलत राहिली. ती पूर्ण शुद्धीवर होती, माझ्याशी बोलतही होती. नंतर तो हात थोडा वेळ जड वाटला आणि मग सर्व पूर्ववत झाले. याला फिट म्हणावे का? पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे. ही गोळी जन्मभर घ्यावी लागेल का आणि पुढे दुसऱ्या मुलाचा विचार करता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

मज्जारज्जू:

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न तपासता औषध बदलण्याविषयी मी काहीही सांगणार नाही, परंतु विषय नीट समजला तर आपल्या डॉक्टरांशी होणारे बोलणे अधिक उपयोगी ठरेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण जाता जाता लिहिलेली गोष्ट मी आधी घेतो, कारण माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. शुद्ध हरपली नाही, बोलणे चालू होते, म्हणजे फिट नव्हती, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मेंदूच्या एखाद्या मर्यादित भागातून उठणारी फिट शुद्ध न हरपताही येऊ शकते. आपल्या पत्नीला पहिली फिट उजव्या हातापासून सुरू झाली होती, इजा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे आणि आता पुन्हा उजव्याच हाताची बोटे हलली व त्यानंतर हात काही काळ जड राहिला. या चार गोष्टी एका रेषेत येतात. ती फिटच होती असे मी येथून ठामपणे म्हणू शकत नाही, पण तसे नसल्याचे सिद्ध होईपर्यंत तिला फिट समजूनच वागावे. दोन आठवडे थांबू नका. उद्याच आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करून हा प्रसंग कळवा आणि त्या आसपासच्या दिवसांत गोळी चुकली होती का, हेही आठवून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी नुकतीच बंद झालेली असल्यामुळे नवी गुठळी तर नाही ना, हेही त्यांना पाहावेसे वाटेल. सोबत नव्याने डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे किंवा सुस्ती असेल, तर दूरध्वनीवर न थांबता थेट रुग्णालयात जावे. पुन्हा असे काही घडल्यास मोबाइलवर चित्रण करून ठेवा. निदानाच्या दृष्टीने अर्ध्या मिनिटाचे चित्रण कित्येकदा ईईजीपेक्षा (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखापेक्षा) अधिक सांगून जाते, कारण दोन फिटच्या मधल्या काळात काढलेला ईईजी पूर्णपणे सामान्य येऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. गुठळी आणि फिट यांचा संबंध आहे, पण तो थेट नाही. मेंदूतून रक्त बाहेर वाहून नेणारी शीर बंद झाली की, मागे रक्त तुंबते, दाब वाढतो, त्या भागात पाणी साचून सूज येते आणि पुढे लहान रक्तवाहिन्या फुटून रक्तस्रावही होतो. माथ्यावरच्या मोठ्या शिरेत व तिला मिळणाऱ्या उपशिरांत अडथळा आला, तर ही इजा बहुधा मेंदूच्या बाहेरच्या थरात किंवा त्याला लागून होते आणि फिट उगम पावते ती याच थरातून. म्हणूनच धमनी बंद होऊन होणाऱ्या पक्षाघाताच्या तुलनेत शिरेतील गुठळीच्या रुग्णांत फिटचे प्रमाण कितीतरी अधिक असते. काही आठवड्यांत सूज उतरते, काही महिन्यांत बहुसंख्य रुग्णांची शीर अंशतः किंवा पूर्णपणे मोकळी होते, परंतु ज्या जागी इजा झाली तेथे व्रण राहतो आणि सांडलेल्या रक्तातील लोह तेथे साचून राहते. शिरेत पाट पुन्हा वाहू लागला, तरी शेतात साचलेला खार त्यामुळे निघून जात नाही. रक्त पातळ करणारी गोळी गुठळीसाठी होती आणि फिटची गोळी या व्रणासाठी आहे. दोन्हींच्या मुदती त्यामुळे वेगवेगळ्या ठरतात आणि शीर मोकळी झाल्याचा अहवाल हा दुसरी गोळी बंद करण्याचा आधार होऊ शकत नाही.

आकडेवारीविषयी. या आजाराचा जो मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २१ देशांतील ६२४ प्रौढ रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ३९ टक्के रुग्णांना निदानाच्या वेळीच फिट येऊन गेली होती आणि निदानानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ७ टक्के रुग्णांना फिट आली. त्याच रुग्णांच्या पुढील विश्लेषणातील एक भाग मला नेहमी लक्षात राहतो. ज्यांना सुरुवातीला फिट आली होती आणि मोठ्या मेंदूत इजाही होती, अशांपैकी फिटचे औषध दिलेल्या १४८ जणांपैकी एकालाच लवकर पुन्हा फिट आली, तर औषध न दिलेल्या ४७ जणांपैकी २५ जणांना आली. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे त्यावर जितका भार टाकावा तितकाच टाकावा, पण अशा रुग्णांना सुरुवातीला फिटचे औषध देण्याच्या प्रथेमागे हे निरीक्षण आहे.

आपल्याला मात्र उशिरा येणाऱ्या फिटविषयी जाणून घ्यायचे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका बहुराष्ट्रीय अभ्यासात निदानानंतर सात दिवसांच्या पुढे आलेली फिट ही ‘उशिराची’ धरली होती. त्यातील ११२७ रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना अशी फिट आली आणि पहिल्या उशिराच्या फिटचा मध्यक काळ (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) होता पाच महिने. म्हणजे रुग्ण घरी जाऊन स्थिरावलेला असतो, नातेवाईक निर्धास्त झालेले असतात, अशा वेळी ती येते. ज्यांना उशिराची एक फिट आली, त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना पुन्हाही आली आणि तीही बहुतेक जण औषध घेत असताना. हाच आकडा पुढच्या निर्णयात कळीचा ठरतो. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, या विषयावरील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसार, तात्कालिक कारणाशिवाय आलेल्या एकाच फिटनंतर पुढील दहा वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या अवस्थेला अपस्मार म्हणता येते. शिरेतील गुठळीनंतर उशिरा आलेली एक फिटही त्यामुळे बहुधा याच व्याख्येत बसते.

सर्वांना सारखाच धोका असतो असे नाही. सुरुवातीच्या दिवसांत फिट आलेली असणे, त्यातही फिट न थांबता सलग चालू राहिलेली असणे, मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेला असणे आणि दाब कमी करण्यासाठी कवटीचे हाड काढावे लागलेले असणे, या गोष्टींनी धोका वाढतो. २०२४ मध्ये याच घटकांत वयाची भर घालून ‘डायस-३’ नावाची गुणपद्धती मांडली गेली. आपल्या पत्नीला यांपैकी दोन घटक निश्चित लागू आहेत, सुरुवातीच्या फिट आणि रक्तस्राव.

किती काळ औषध घ्यायचे, याला नेमके उत्तर देणारा प्रयोग झालेला नाही आणि म्हणून डॉक्टरांगणिक उत्तर बदलते. फक्त सुरुवातीच्या दिवसांतच फिट आली असेल आणि नंतर काहीही घडले नसेल, तर बहुतेक जण काही महिने ते एक वर्ष औषध देऊन मग ते हळूहळू उतरवतात. उशिराची फिट आली असेल, तर गणना वर्षांत होते. आपल्या पत्नीच्या हाताचा तो प्रसंग फिट ठरला, तर ती पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जाते. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटले की, प्रश्न गोळी कधी बंद करायची हा नसून आधी तो प्रसंग काय होता हा आहे.

चिडचिडीविषयी एवढेच की, लेव्हेटिरासिटामने काही रुग्णांत चिडचिड, उदासपणा आणि क्वचित टोकाचे विचारही येतात. बाळंतपणानंतरच्या काळात तर याकडे दुर्लक्ष करूच नये. त्यावरचा उपाय मात्र गोळी परस्पर थांबवणे हा नाही. मात्रा बदलता येते, दुसरे औषध देता येते.

मांजराकाठचा शेतकरी:

डॉक्टरांनी सांगितलेल्या यादीतील काही गोष्टी माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत घडल्या आहेत, म्हणून लिहितो. हा आजार फक्त बाळंतिणींना होतो असा आमच्याकडे समज होता, त्यामुळे ३४ वर्षांच्या पुरुषाला तो झाल्याचे ऐकून गावात कोणाचा विश्वास बसेना. उन्हाळ्यात दिवसभर राबणे, पाणी कमी पिणे आणि संध्याकाळी दारू, असा त्याचा क्रम होता. नंतरच्या तपासणीत रक्तातील होमोसिस्टीन (हे वाढले की गुठळीचा धोका वाढतो) वाढल्याचे आणि बी-१२ फारच कमी असल्याचेही निघाले. त्याला मोठा रक्तस्राव झाला होता, म्हणून कवटीचे हाड काढून ठेवावे लागले आणि काही महिन्यांनी ते परत बसवले.

त्याला रुग्णालयात असताना फिट आली नव्हती. घरी आल्यावर काही महिने गोळ्या व्यवस्थित चालू होत्या. ऊसतोडीच्या धांदलीत त्या मागे पडल्या आणि एके दिवशी बांधावर उभा असतानाच तो कोसळला. ट्रॅक्टर चालू होता, पण सुदैवाने तो त्यावर बसलेला नव्हता. तेव्हा जमलेल्या लोकांपैकी एकाने नाकाला कांदा लावला, दुसऱ्याने चप्पल आणली आणि तिसरा दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधत होता. यातले काहीही करायचे नसते, हे मला त्यानंतर समजावून सांगण्यात आले. आता आमच्या घरातील लहान पोरांनाही पाठ आहे की, कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ कापड ठेवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर गाडी काढायची.

सर्वांत अवघड गेले ते वाहन सोडणे. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असे स्पष्ट विचारलेले असते आणि त्यावर सही करून द्यावी लागते. लोक तेथे बिनदिक्कत ‘नाही’ लिहितात. भावाने ट्रॅक्टर पुतण्याच्या हवाली केला आहे. विहिरीवर तो एकटा जात नाही आणि दारू पूर्ण बंद आहे. त्यानंतर त्याला एकदाच फिट आली, तीही ताप असताना.

औषधविक्रेता_सातारा:

मूळ प्रश्नात रक्त पातळ करणारी गोळी आता बंद आहे, परंतु हा धागा वाचणाऱ्या अनेकांच्या घरी दोन्ही गोळ्या एकत्र चालू असतील, म्हणून काही लिहिणे आवश्यक वाटते. गावाजवळच्या लहान दवाखान्यात फिटच्या रुग्णाला पहिल्यांदा बहुधा फेनिटॉइन दिले जाते, कारण ते स्वस्त आहे आणि सर्वत्र मिळते. जीव वाचवण्याच्या घडीला त्यात काही गैर नाही. अडचण पुढे येते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे यकृतातील विकरांचा वेग वाढवतात, त्यामुळे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल शरीरात लवकर नष्ट होते आणि मात्रा वाढवत नेली तरी आयएनआर (रक्त गोठण्यास लागणारा वेळ दाखवणारा आकडा) अपेक्षित २ ते ३ पर्यंत पोहोचत नाही. फेनिटॉइनच्या बाबतीत तर सुरुवातीचे काही दिवस आयएनआर उलट वाढल्यासारखाही दिसू शकतो, मग उतरतो.

खरा धोका त्यापुढचा आहे. काही महिन्यांनी फेनिटॉइन बंद केले जाते, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीची वाढवलेली मात्रा तशीच राहते. यकृताचा वेग काही आठवड्यांत पूर्ववत होतो, आयएनआर चढत जातो आणि हिरड्यांतून, लघवीतून किंवा मेंदूतच रक्तस्राव होण्याची वेळ येते. फिटचे कोणतेही औषध सुरू, बंद किंवा बदलले, तर पुढील काही आठवडे आयएनआर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासून घ्यावा. डाबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान आणि अपिक्साबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही म्हणून त्या सोप्या वाटतात, पण फेनिटॉइनमुळे त्यांचाही परिणाम घटतो आणि तो घटल्याचे नेहमीच्या कोणत्याही तपासणीत दिसत नाही. मला हे अधिक चिंताजनक वाटते. लेव्हेटिरासिटामचा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी असा ठळक झगडा होत नाही, त्याला या आजारात पसंती मिळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

अंगदुखीसाठी किंवा जुलाबासाठी दुकानातून परस्पर गोळ्या मागणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ट्रामाडॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके यांनी फिट येण्याची शक्यता वाढते. आपल्याला फिटचा इतिहास आहे हे काउंटरवर आधी सांगावे. आम्ही विचारायला हवे हे खरे, पण गर्दीत दर वेळी विचारले जातेच असे नाही.

सिद्धेश्वर_पेठ:

एक छोटी शंका आहे. माझ्या वहिनींनाही अशीच गुठळी झाली होती, पण त्यांना फक्त डोकेदुखी होती. फिट आली नाही आणि एमआरआयमध्ये मेंदूला इजा दिसली नाही. त्यांना फिटची कोणतीही गोळी दिलेली नाही. वरील आकडे वाचून आम्ही घाबरलो आहोत. हा हलगर्जीपणा तर नाही ना?

मज्जारज्जू:

नाही. ज्यांना फिट आली नाही आणि मेंदूच्या भागात इजाही नाही, त्यांना खबरदारी म्हणून फिटचे औषध देण्यास पुरेसा आधार नाही, आणि आपल्या वहिनींच्या डॉक्टरांनी योग्यच केले आहे. वर दिलेला ११ टक्क्यांचा आकडा हा सर्व रुग्णांचा एकत्रित आहे. तो मुख्यतः इजा, रक्तस्राव आणि सुरुवातीच्या फिट असलेल्या रुग्णांमुळे तेथवर पोहोचतो. आपल्या वहिनींसारख्या रुग्णांचा वाटा त्यात थोडा असतो.

मांजराकाठचे गृहस्थ म्हणतात तो समजही दुरुस्त व्हायला हवा. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ४२८ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून थोडे अधिक पुरुष होते आणि कारणांत रक्तक्षय, वाढलेले होमोसिस्टीन व मद्यपान ही ठळक होती. पाश्चात्त्य देशांत रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण बरेच अधिक असते, कारण तेथे गर्भनिरोधक गोळ्यांचा वापर जास्त आहे.

प्रसूतिगृह_नाशिक:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वारणाकाठ यांच्या प्रश्नातील स्तनपान आणि दुसरे मूल हे दोन भाग अनुत्तरित राहिले आहेत, त्यांविषयी लिहिते.

लेव्हेटिरासिटाम दुधात उतरते, परंतु बाळाच्या रक्तातील त्याचे प्रमाण सहसा फार कमी राहते आणि या औषधासोबत स्तनपान चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. बाळ फार झोपाळू झाले, नीट पीत नसले किंवा त्याचे वजन वाढत नसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या मातोश्रींची काळजी स्वाभाविक आहे, पण आईला फिट येणे हे बाळासाठी या गोळीपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे, कारण फिट येईल त्या क्षणी बाळ तिच्या मांडीवर असू शकते. फिटचा धोका असेपर्यंत पत्नीने बाळाला जमिनीवर गादी घालून बसूनच पाजावे, एकटीने न्हाऊ घालू नये, बाळाला घेऊन एकटीने जिना चढू-उतरू नये आणि गॅसजवळ काम करताना घरात कोणीतरी असावे. रात्रीचे एक दूध काढून ठेवून ते आपण किंवा आजीने पाजल्यास पत्नीला सलग झोप मिळेल. त्या प्रसंगाच्या आधी जागरण झाले होते असे आपण लिहिले आहे, म्हणून झोपेची ही सोय मी औषधाइतकीच आवश्यक मानते.

दुसऱ्या गरोदरपणाला या आजारामुळे बंदी नाही. प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांचे २०१६ मध्ये जे एकत्रीकरण झाले, त्यात आधी ही गुठळी होऊन गेलेल्या स्त्रियांच्या दर १००० गरोदरपणांमागे सुमारे ९ वेळा मेंदूच्या शिरेत पुन्हा गुठळी झाल्याचे आढळले. पाय किंवा फुप्फुस अशा इतर ठिकाणच्या गुठळ्यांचे प्रमाण सुमारे २७ होते. धोका वाढलेला आहे, पण तो सांभाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे कमी मात्रेत हेपॅरिनची इंजेक्शने देण्याचा विचार केला जातो. मात्र गरोदरपण ठरवून असावे. आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून त्या वेळी फिटचे कोणते औषध व किती मात्रेत असेल हे निश्चित करावे, कारण गरोदरपणात लेव्हेटिरासिटामची रक्तातील पातळी उतरते आणि मात्रा वाढवावी लागू शकते. फॉलिक आम्ल आधीपासून सुरू करावे. चिडचिडीमुळे औषध बदलायचे ठरले आणि कोणी सोडियम व्हॅल्प्रोएट सुचवले, तर मूल हवे असल्याचे तेथल्या तेथे सांगावे. त्या औषधाने गर्भात व्यंग निर्माण होण्याचा आणि मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका ठाऊक आहे, आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देऊच नये.

तोपर्यंत गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या कदापि घेऊ नयेत. पाळी पुढे ढकलण्यासाठी सणासुदीला किंवा लग्नकार्यात मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तांबी हा चांगला पर्याय आहे.

जाता जाता घरातील ज्येष्ठांसाठी एक विनंती. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, पाण्याने पोट सुटते किंवा बाळाला सर्दी होते, अशी समजूत आपल्याकडे अजूनही अनेक घरांत पाळली जाते. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात रक्तक्षय आणि पाण्याचा तुटवडा यांची भर पडली की, शिरेत गुठळी होण्यास अनुकूल स्थिती तयार होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि शेकशेगडी जरूर असू द्या, पण बाळंतिणीच्या उशाशी पाण्याचा भरलेला तांब्याही असू द्या. बाळंतपणानंतर दिवसेंदिवस वाढत जाणारी, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर तीव्र होणारी डोकेदुखी अशक्तपणाची म्हणून सोडून देऊ नये.

वारणाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांना दूरध्वनी केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले. एमआरआय पुन्हा झाला आणि नवी गुठळी नाही. ईईजी सामान्य आहे, परंतु प्रसंगाचे वर्णन ऐकून त्यांनीही ती फिट असण्याचीच शक्यता अधिक असल्याचे सांगितले. तापाच्या त्या दिवसांत संध्याकाळच्या दोन गोळ्या राहिल्या होत्या, हे पत्नीला आठवले. लेव्हेटिरासिटामची मात्रा थोडी वाढवली आहे, चिडचिडीचा आढावा महिन्याभराने घेणार आहेत आणि ती वाढल्यास दुसरे औषध हळूहळू आणून हे उतरवता येईल, असे ते म्हणाले. व्हॅल्प्रोएट नको, हे आम्ही विचारण्याआधीच त्यांनी स्वतः सांगितले. गोळी बंद करण्याचा विचार फिटशिवाय किमान दोन वर्षे गेल्यावर करू, असे ठरले आहे. आईला दोन गोळ्यांतला फरक समजला आहे. रात्रीच्या दुधाची जबाबदारी तिने स्वतःहून घेतली आहे.

एकच प्रश्न उरला. गोळीची वेळ चुकली आणि दोन-तीन तासांनी लक्षात आले, तर काय करावे? पुढच्या वेळी दोन एकत्र घ्याव्यात का?

मज्जारज्जू:

दोन-तीन तासांत लक्षात आले, तर राहिलेली गोळी तेव्हाच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकत्र घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली, तर मात्र स्वतः ठरवण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते, ती आणावी आणि प्रवासाला किंवा माहेरी जाताना किमान आठवडाभराच्या जादा गोळ्या सोबत ठेवाव्यात.